नवऱ्याला जपानमध्ये पीआर मिळाला, आता माझ्या डिपेंडंट व्हिसाचं काय करायचं?

कोथरूडची_कासाईत

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. आम्ही टोकियोच्या एदोगावात राहतो, नवरा आयटीत, इंजिनिअर व्हिसावर होता. त्याने 80 पॉइंटवाल्या मार्गाने (शिक्षण, अनुभव, पगार वगैरेंना गुण देतात तो) एइजूला म्हणजे पीआरला, कायमच्या वास्तव्याला अर्ज केलेला, तो मंजूर झाला आणि मागच्या महिन्यात तो नवीन रेसिडेन्स कार्ड घेऊन आला. पेढे वाटून झाले, दोन्हीकडच्या आईबाबांना व्हिडिओ कॉल झाले, आणि आता गोची माझी आहे.

मी काझोकु ताइझाइवर म्हणजे डिपेंडंट व्हिसावर आहे. त्याने अर्ज भरला तेव्हा माझं कार्ड एका वर्षाचं होतं म्हणून मला त्यात घेतलं नव्हतं. नंतर रिन्यू केलं तर तीन वर्षांचं मिळालं, म्हणजे माझ्या कार्डवर अजून भरपूर मुदत आहे. मुलगी चार वर्षांची, जन्म पुण्याचा, तिचंही काझोकु ताइझाइच.

आता प्रश्न असे की एक, मला व्हिसा बदलायलाच लागतो का की कार्ड संपेपर्यंत असंच चालतं? इथल्या एका मैत्रिणीने सांगितलं काही करावं लागत नाही, दुसरीने सांगितलं लगेच बदल नाहीतर कॅन्सल होईल, आता विश्वास कुणावर ठेवायचा. दोन, मला टोकियोतल्या कांदा भागातल्या एका छोट्या कंपनीतून फुलटाइम टेस्टिंगची ऑफर आलीये (सध्या प्रीस्कूलमध्ये पार्टटाइम करते, आठवड्याला 28 तासांच्या आत), त्यांचा एचआर विचारतोय जॉइन कधी करणार, त्याला काय सांगू? तीन, बदलायचाच असेल तर मधला हाइगूशा (जोडीदाराचा) व्हिसा घेण्यापेक्षा थेट मीच एइजूला अर्ज करू का? आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मला जपानमध्ये येऊन तीन.

आणि एक छोटंसं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. लग्नाच्या सर्टिफिकेटवर माहेरचंच आहे. याने काही अडतं का?

फार मोठं झालं, सॉरी.

---

टोकियो_टपरी

अभिनंदन! टेन्शन घेऊ नका, कार्डवर तारीख आहे तोवर कोणी हात लावत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने बायकोचं कार्ड संपायला आलं तेव्हाच बदललं, काही झालं नाही.

---

जुना_निशिकासाईकर

टपरीशेठ, "काही झालं नाही" आणि "चालतं" यात फरक आहे.

ताई, काझोकु ताइझाइ म्हणजे काय तर जो माणूस कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर इथे आहे त्याच्यावर अवलंबून असलेली बायको, नवरा किंवा मूल. तुमचे मिस्टर आता त्या यादीतच नाहीत, ते एइजूशा म्हणजे पीआरवाले झाले. म्हणजे तुमच्या व्हिसाचा पायाच सरकला. कार्ड आपोआप रद्द होत नाही, त्या बाबतीत पहिली मैत्रीण बरोबर. पण कायद्यात असं आहे की या गटातल्या व्हिसावरचा माणूस योग्य कारण नसताना तीन महिने किंवा जास्त काळ त्या व्हिसाला धरून असलेली गोष्ट करत नसेल तर तो व्हिसा काढून घेता येतो. आता नवऱ्याला पीआर मिळाला म्हणून कोणाच्या बायकोला विमानात बसवल्याचं मी तरी ऐकलं नाही, पण पुढे तुम्ही स्वतः एइजूला जाणार, तेव्हा फाइल उघडणाऱ्या माणसाला मधला रिकामा काळ दिसायला नको. महिन्या-दीड महिन्यात अर्ज टाकून मोकळं व्हा.

बदलायचा तो "एइजूशा नो हाइगूशा तो" या व्हिसात. याचं सगळ्यात मोठं सुख कामाचं. तुमचं आत्ताचं कार्ड काढून बघा, पुढच्या बाजूला लिहिलेलं असेल की काम करता येत नाही आणि मागे तो 28 तासांच्या परवानगीचा शिक्का. नवीन कार्डवर पुढेच छापून येतं की कामावर बंधन नाही. मग कांदाची कंपनी असो नाहीतर स्वतःचा डब्यांचा धंदा, कोणाला विचारायचं नाही. इंजिनिअर व्हिसासारखं डिग्री आणि काम जुळतं का तेही बघत नाहीत.

फक्त एक लक्षात ठेवा. अर्ज टाकला म्हणून काम सुरू करता येत नाही. नवीन कार्ड हातात पडेपर्यंत तुम्ही काझोकु ताइझाइच आणि 28 तासच, आणि ते 28 तास आठवडा कुठल्याही वारापासून मोजला तरी 28 च्या आत हवेत. एचआरला तारीख देऊ नका, "कार्ड आल्यावर" एवढंच सांगा. एक ते तीन महिने धरून चाला. जपानी एचआरला हे नवीन नसतं, बहुतेक थांबतात.

मुलीचं वेगळं आहे, तिथे लोक हमखास गोंधळतात. ती हाइगूशाच्या व्हिसात येत नाही. त्यात "तो" म्हणजे वगैरे, त्यात मुलंही येतात हे खरं, पण जी आईबाप एइजू असताना जपानात जन्मली तीच. तुमची मुलगी पुण्यात जन्मली, आणि अगदी इथे कासाईत जन्मली असती तरी तेव्हा बाबा एइजू नव्हते. तिला "तेइजूशा" (दीर्घकाळ राहणाऱ्यांचा व्हिसा) मिळतो. अर्ज वेगळा, फॉर्म वेगळा, फी वेगळी, जन्माचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर लागतं. एकाच दिवशी दोन्ही देऊन या.

---

मुंडावळ्या_इन_टोकियो

मी गेल्या वर्षी हेच केलं त्यामुळे कागदांचं सांगते. निशिकासाईकर काकांनी कायदा सांगितला, मी कटकट सांगते 😄

फॉर्म, फोटो, पासपोर्ट, कार्ड हे नेहमीचं. लग्नाचं सर्टिफिकेट आणि त्याचं जपानी भाषांतर. भाषांतर कोणीही केलं तरी चालतं, आम्ही घरीच केलं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकली. अपोस्टील (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) आम्हाला कोणी मागितलं नाही. कुयाकुशोमधून (वॉर्ड ऑफिस) घरातल्या सगळ्यांची नावं असलेला जूमिनह्यो म्हणजे रहिवासी दाखला, मिस्टरांचे काझेइ आणि नोझेइ शोमेइशो म्हणजे उत्पन्न आणि भरलेला टॅक्स, त्यांच्या कंपनीचं नोकरीचं पत्र, आणि मिमोतो होशोशो म्हणजे हमीपत्र, जे मिस्टरच देतात.

आणि मग येतो शित्सुमोनशो. ही प्रश्नावली आहे आणि काझोकु ताइझाइला ती नव्हती म्हणून मी गाफील होते. आठेक पानांची. तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठे, कधी भेटलात, लग्न ठरेपर्यंत काय काय झालं ते सविस्तर लिहा, ओळख कोणी करून दिली त्याचं नाव, गाव, फोन. दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलता. लग्न कुठे झालं, किती लोक आले होते. दोन्हीकडचे आईवडील, भाऊबहिणी, त्यांची वयं, पत्ते. आमचं ठरवून झालेलं लग्न, आत्याने स्थळ आणलं, पहिल्या भेटीत मी त्यांच्याशी तीन वाक्यं बोलले, आता हे "सविस्तर" कसं करायचं? मी सरळ जे झालं तेच लिहिलं की आत्यांनी सुचवलं, दोन्ही घरं सदाशिव पेठेत भेटली, मग आम्ही दोघं बाहेर भेटलो, मग साखरपुडा. ठरवून लग्न हा प्रकार जपान्यांना नवा नाही, उगाच फिल्मी गोष्ट रचायला जाऊ नका. पाहुण्यांचा आकडा मात्र लिहिताना हात थबकला. आठशे लिहिलं तर त्यांना वाटेल शून्य चुकून जास्त पडलं. लिहिलं तरी आठशेच, खरं होतं ते.

फोटो दोन-तीन लागतात, दोघं एकत्र आणि दोघांचेही चेहरे स्पष्ट दिसणारे. आता आपल्या लग्नाचे फोटो बघा, निम्म्यात मुंडावळ्या डोळ्यावर, काहींत अंतरपाट मध्ये, आणि राहिलेल्यांत मामा आडवे. मी एक लग्नातला, एक उएनोच्या साकुराचा आणि एक पुण्याच्या घरी गणपतीसमोरचा दिला.

नावाचं, पासपोर्टवर आणि लग्नाच्या सर्टिफिकेटवर माहेरचंच नाव आहे ना, मग तुमचं उलट सोपं आहे. जपानला आधारशी घेणंदेणं नाही, ते दाखवूच नका. फक्त भाषांतरात कुठे काताकानात (परकी नावं लिहायची जपानी लिपी) नाव लिहिलंत तर सगळ्या कागदांवर एकसारखं लिहा. आपलं मधलं नाव म्हणजे लग्नाआधी वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं हे त्यांना माहीत नसतं, माझ्या दोन कागदांवर दोन मधली नावं होती तर मी अर्ध्या पानाचं साधं जपानी स्पष्टीकरण जोडलं, कोणी काही विचारलं नाही.

फी एप्रिल 2025 मध्ये वाढली, तेव्हा खिडकीवर 6,000 येन, ऑनलाइन 5,500 झाली. आधी 4,000 होती. मंजूर झालं तरच भरायची.

---

योकोहामाचा_बंड्या

मी जरा वेगळं मत मांडतो. मधला व्हिसा कशाला? ताईंचं लग्न सहा वर्षं, जपानात तीन वर्षं, कार्ड तीन वर्षांचं. एइजूशाच्या बायकोला दहा वर्षं थांबावं लागत नाही, खरोखर संसार तीन वर्षं चाललेला हवा आणि जपानात सलग एक वर्ष राहिलेलं हवं, झालं. यासाठी हाइगूशाचाच व्हिसा हातात हवा असं नाही, काझोकु ताइझाइवरूनही अर्ज करता येतो. आणि आता तर हमी द्यायला नवराच एइजू आहे, बाहेरच्या कोणाच्या पाया पडायला नको. थेट एइजू टाका, एकदाच कागद गोळा करा. शिवाय महत्त्वाचं म्हणजे आत्ता हातात तीन वर्षांचं कार्ड आहे ते सोन्यासारखं आहे. हाइगूशात बदलायला गेलात आणि त्यांनी एकच वर्षाचं दिलं तर एइजूचा दरवाजा तेवढा काळ बंद, कारण तिथे कमीत कमी तीन वर्षांचं कार्ड लागतं.

---

जुना_निशिकासाईकर

बंड्या, शेवटचा मुद्दा एकदम बरोबर आणि तो मी लिहायला हवा होता असं म्हणेन. बाकी मात्र पटत नाही.

एइजूचा निकाल यायला सध्या टोकियोत वर्ष-वर्ष जातं. एवढा वेळ कांदाची कंपनी थांबणार आहे का? एइजूला अर्ज टाकला म्हणून कामाची मुभा मिळत नाही आणि मुदतवाढही मिळत नाही. साधा व्हिसा बदलायचा किंवा वाढवायचा अर्ज कार्ड संपायच्या आत टाकला असेल तर निकाल लागेपर्यंत, फार तर मुदत संपल्यावर दोन महिने, राहता येतं. एइजूच्या अर्जाला ती सवलत नाही, जुनं कार्ड संपत आलं तर ते वेगळं रिन्यू करावंच लागतं. आणि ताईंनी काझोकु ताइझाइ काय म्हणून रिन्यू करायचं? नवरा तर त्यात नाही.

शिवाय तोवर वर म्हटलेला तीन महिन्यांचा प्रश्न डोक्यावर राहतोच.

---

योकोहामाचा_बंड्या

मग दोन्ही एकदम टाका. त्याला कुठे बंदी आहे? हाइगूशाचा आणि एइजूचा. पहिला आला की नोकरी सुरू, दुसरा येईल तेव्हा येईल.

---

जुना_निशिकासाईकर

बंदी नाही. पण मधेच एक वर्षाचं कार्ड हातात पडलं तर एइजूची फाइल उघडतील तेव्हा ते तेच कार्ड बघणार. जुगार आहे, वाईट जुगार नाही. मिस्टरांची नोकरी पक्की, टॅक्स वेळेवर, लग्न जुनं, मूल आहे, अशा घराला तीन वर्षं मिळायची शक्यता चांगली असते. तरी माझं मत, ऑफर खरी असेल तर आधी हाइगूशा, कार्डवर किती वर्षं येतात ते बघा, तीन आली तर लगेच एइजू टाका. एक आलं तर पुढच्या रिन्यूला तीन मिळवा आणि मग टाका. ऑफर नसती तर मीही बंड्यासारखंच बोललो असतो.

---

कोथरूडची_कासाईत

अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना खूप धन्यवाद. दोघांचं भांडण वाचूनच अर्धं डोकं साफ झालं 🙏 मुंडावळ्या ताई, तुमचं शित्सुमोनशोचं वाचून नवरा म्हणाला आपण पहिल्यांदा वैशालीत भेटलो ते लिहायचं, मी म्हटलं तिथे अर्धा तास नंबर लागायची वाट बघत उभे होतो तेही लिही.

ऑफर खरी आहे, लेखी आहे. म्हणजे आधी हाइगूशा.

अजून एक विचारते. मी सध्या नवऱ्याच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये आहे, प्रीस्कूलचा पगार थोडाच. पुढे एइजूला हे आडवं येतं का? आणि मी वेगळा टॅक्स भरलेला नाही, माझ्या उत्पन्नावर बसलाच नाही.

---

आकडेमोड_आजोबा

हा माझा विषय.

नवऱ्याच्या कंपनीच्या शाकाई होकेनमध्ये (नोकरदारांचा आरोग्य विमा आणि पेन्शन) फुयो म्हणजे अवलंबून म्हणून आहात म्हणजे पेन्शनच्या हिशोबात तुम्ही तिसऱ्या वर्गातल्या, 3-गो. तुमचं वेगळं काही भरायचं नाही आणि त्यात काहीही वावगं नाही, एइजूलाही चालतं. मुख्य अट ही की तुमचं उत्पन्न वर्षाला 13 लाख येनच्या खाली राहील अशा अंदाजाने तुम्ही त्यात आहात. ते ओलांडलं असेल आणि तरीही फुयोत राहिला असाल तर मात्र ते दिसतं. प्रीस्कूलशिवाय ऑनलाइन शिकवण्या वगैरे असतील तर त्याही धरा, लोक त्या विसरतात.

फुलटाइम लागलात की तुमच्या कंपनीच्या शाकाई होकेनमध्ये जाल. बदलताना एक दिवसही रिकामा राहू देऊ नका. एइजूला पेन्शन आणि हेल्थ इन्शुरन्सची मागची दोन वर्षं तपासतात आणि नुसतं भरलं का नाही, वेळेत भरलं का ते बघतात. नोकरी बदलताना मधे महिनाभर घरी बसला, कुयाकुशोत जाऊन कोकुहो (सरकारी आरोग्य विमा) आणि कोकुमिन नेनकिन (सरकारी पेन्शन) लावलं नाही, नंतर दंडासकट भरलं, अशांचे अर्ज अडकलेले बघितले आहेत. पैसे बुडवायचा कोणाचा विचार नसतो, तारीख चुकते.

जूमिनझेइचं म्हणजे रहिवासी कराचं म्हणाल तर बायको म्हणून अर्ज करताना मागच्या तीन वर्षांचे दाखले लागतात, साध्या कामाच्या व्हिसावाल्यांना पाच. उत्पन्न कमी म्हणून टॅक्स शून्य असेल तर शून्याचा दाखला मिळतो, तोही चालतो, कारण खर्च नवऱ्याच्या पगारावर चालतो हे त्यांना कळतं. पण दाखला निघायला आधी उत्पन्नाची नोंद कुयाकुशोकडे असायला लागते. कधीकधी पार्टटाइमवाल्यांची नसते, तेव्हा खिडकीवर जाऊन नोंद करावी लागते. नवीन वर्षाचे दाखले जूनच्या सुमाराला निघतात, त्यामुळे एइजूचा अर्ज मे महिन्यात टाकायचा की जून-जुलैत याचा विचार करा.

आणि मिस्टरांना सांगा, पीआर मिळाला म्हणजे सुटलो असं नाही. जून 2024 मध्ये कायदा बदललाय, मुद्दाम टॅक्स किंवा इन्शुरन्स बुडवणाऱ्याचं एइजू काढून घेता येईल अशी तरतूद आली आहे. कंपनी पगारातून कापते त्यांना फारशी काळजी नाही, स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी सांभाळावं.

---

सासूबाई_आल्यात

मधेच घुसते, माफ करा, पण विषय जवळचा आहे. माझे मिस्टर कोदो सेनमोनशोकु म्हणजे पॉइंटवाल्या व्हिसावर आहेत, सासूबाई त्याच व्हिसाच्या सवलतीवर आमच्याकडे राहायला आल्यात कारण बाळ दोन वर्षांचं आहे. मीही मिस्टरांच्या व्हिसामुळेच फुलटाइम काम करते, तोकुतेइ कात्सुदो (ठरावीक कामासाठीचा व्हिसा) आहे माझं. मिस्टर आता पीआरला अर्ज करायचा म्हणतायत. आम्हालाही हे सगळं लागू होतं का?

---

जुना_निशिकासाईकर

तुम्हाला जास्त लागू होतं, आणि तुम्ही अर्ज टाकायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

तुमचं आणि सासूबाईंचं, दोघींचं राहणं मिस्टरांच्या पॉइंटवाल्या व्हिसावर टांगलेलं आहे. ते एइजू झाले की तो व्हिसा गेला. तुमचं सोपं, तुम्ही वरच्यासारखंच हाइगूशात बदलायचं किंवा त्यांच्यासोबतच एइजूला अर्ज टाकायचा. सासूबाईंचं अवघड. आईवडिलांना आणायची सोय ही त्या पॉइंटवाल्या व्हिसाचीच सवलत आहे, सात वर्षांखालचं मूल किंवा गरोदरपण आणि घराचं उत्पन्न वर्षाला 80 लाख येन किंवा जास्त, अशा अटींवर. एइजूला ती सवलत नाही. पीआर हा सगळ्यात वरचा व्हिसा म्हणून त्यात सगळं येत असेल असं लोकांना वाटतं, आणि नेमकं इथेच फसतात.

मधला रस्ता आहे. पॉइंटवाल्या व्हिसाच्या पहिल्या प्रकारावर तीन वर्षं झाली की दुसऱ्या प्रकारात जाता येतं. त्याला मुदत नाही, राहणं बेमुदत, आणि आईवडिलांची सवलतही शिल्लक राहते. सासूबाई अजून काही वर्षं राहणार असतील तर मिस्टरांनी आधी ते बघावं, एइजू बाळ शाळेत गेल्यावर. घरात बसून ठरवा, सासूबाईंनाही विचारा, त्यांना कदाचित पुण्याला परत जायचंच असेल.

---

सासूबाई_आल्यात

त्यांना तर थंडी सुरू झाली की रोज जायचं असतं 😅 पण खरंच धन्यवाद, हे आम्हाला एकाही एजंटने सांगितलं नव्हतं.

---

स्पष्टच_बोलते

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते, ताईंच्या घराबद्दल नाही, सगळ्यांसाठी. हाइगूशाचा व्हिसा कामाला मोकळा असला तरी तो लग्नाला बांधलेला आहे. घटस्फोट झाला किंवा जोडीदार गेला तर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं (हे काझोकु ताइझाइलाही आहे), आणि बायको म्हणून राहणं सहा महिने किंवा जास्त काळ थांबलं, त्याला योग्य कारण नसलं, तर व्हिसा काढून घेऊ शकतात. घरात मारहाण होत असेल म्हणून वेगळं राहत असाल तर ते योग्य कारणात धरतात, हेही माहीत असू द्या.

स्वतःच्या नावावर एइजू आलं की हे काही उरत नाही, तुमचं कार्ड तुमचं. म्हणून हाइगूशा मिळाला, नोकरी लागली, आता काय घाई, असं करून वर्षानुवर्षं राहू नका. मी बघितलंय, नवऱ्याचं कार्ड सात वर्षांचं झालं आणि बायको अजून दर वर्षी रांगेत.

---

टोकियो_टपरी

मान्य, माझं उत्तर घाईचं होतं. त्या बिल्डिंगवाल्याला पण ही लिंक पाठवतो.

---

कोथरूडची_कासाईत

अपडेट देते. काल शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसला जाऊन दोन्ही अर्ज दिले, माझा हाइगूशाचा आणि लेकीचा तेइजूशाचा. कोनान बाजूने बस धरली, सकाळी लवकर गेलो तरी बसमध्ये उभंच राहावं लागलं. निकाल कळवायच्या पोस्टकार्डवर आपलाच पत्ता आपणच लिहायचा, लेकीने तिच्या पोस्टकार्डवर कोपऱ्यात मांजर काढलं, खिडकीवरच्या बाईंनी बघितलं आणि काही न बोलता ठेवून घेतलं.

पासपोर्टच्या नावाबद्दल काहीच विचारलं नाही. लग्नाचं सर्टिफिकेट तेवढं निरखून बघितलं, मराठी-इंग्रजी दोन्ही होतं, भाषांतर जोडलेलं होतं, झालं. पाहुण्यांच्या रकान्यात आम्ही साडेचारशे लिहिले, मुंडावळ्या ताईंच्या जवळजवळ निम्मेच.

कंपनीला सांगितलं कार्ड आल्यावर, ते म्हणाले चालेल, फक्त दर दोन आठवड्यांनी एक मेल टाका काय चाललंय म्हणून. प्रीस्कूलचे तास आहेत तसेच ठेवलेत. कार्डवर तीन वर्षं आली तर जूनमध्ये दाखले काढून एइजू टाकणार.

---

नवीन_आई_होणार

सगळं वाचलं, एकच प्रश्न. माझ्या मिस्टरांना पीआर आहे, मी हाइगूशावर, बाळ जानेवारीत इथेच होणार. त्याला काय?

---

मुंडावळ्या_इन_टोकियो

अगं अभिनंदन! जन्मल्यापासून 14 दिवसांत कुयाकुशोत जन्माची नोंद आणि 30 दिवसांत इमिग्रेशनला अर्ज. बाबा एइजू आहेत आणि बाळ इथेच जन्मतंय म्हणून त्याच 30 दिवसांत बाळासाठी थेट एइजू मागता येतं. ते 30 दिवस निघून गेले तर मग बाळही आपल्यासारखं रांगेत. पासपोर्टसाठी भारतीय दूतावासात जन्माची नोंद करावी लागते, ती वेगळी. बाळंतपणानंतर तुझ्याने हे होणार नाही, आत्ताच सगळे फॉर्म भरून ठेव, नाव आणि तारखेची जागा तेवढी रिकामी सोड, आणि मिस्टरांना पळव.